पंप चालू आहे, कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा, कंसातले खुलासे माझे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका औषध कारखान्यात युटिलिटीला असलेला शिफ्ट इंजिनिअर विचारतो: "काका, आमच्याकडे १५० टनांचे दोन वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर (पाणी थंड करणारी यंत्रं; टन हे थंडाव्याचं माप) आहेत, एक चालू आणि एक स्टँडबाय. पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे, एएचयूंना (खोल्यांना थंड हवा देणाऱ्या युनिटांना) पाणी कमी-जास्त करणारे टू-वे व्हॉल्व्ह आहेत. रोज पहाटे दोन ते चारच्या दरम्यान चिलर 'इव्हॅपोरेटर फ्लो लॉस' (पाणी जिथे थंड होतं त्या भागात प्रवाह नाही) दाखवून ट्रिप होतो. पंप मात्र चालूच असतो. इलेक्ट्रिशियनने फ्लो स्विचला (पाणी वाहतंय का ते सांगणाऱ्या स्विचला) लूप मारला (तार जोडून तो निकामी केला). दोन रात्री शांत गेल्या, तिसऱ्या रात्री 'लो सक्शन प्रेशर'वर (कंप्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब कमी) ट्रिप. सीनिअर म्हणतात, पंपाचा रन फीडबॅक चिलरला मिळतोच आहे, फ्लो स्विच हवाच कशाला? यात कंट्रोल कुठलं, इंटरलॉक कुठलं, सेफ्टी कुठली आणि काय बायपास केलं तर चालतं?"

काका म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करतो. आधी तो लूप काढ. आजच, तुझी शिफ्ट संपायच्या आत. बाकीचं उत्तर त्यानंतर वाच.

आता तुझ्या सीनिअरांचा प्रश्न घेऊ, कारण तो वाटतो तितका वेडगळ नाही. पंप चालू असेल तर पाणी वाहतंय, असं कुणालाही वाटेल. मी कलाभवनात शिकत होतो तेव्हा आमच्या वर्कशॉपला एक सर होते. तुम्ही कुठलंही रीडिंग सांगा, ते चष्म्यावरून बघत एकच शब्द विचारायचे: "कशावरून?" मोटर गरम झालीय, कशावरून? व्हॉल्व्ह उघडा आहे, कशावरून? आम्हाला वैताग यायचा. पुढे तीसेक वर्षं चिलरच्या प्लँटरूममध्ये काढल्यावर कळलं, की इंटरलॉक म्हणजे तारेत बांधलेला तोच प्रश्न आहे. चिलर पॅनेलला विचारतो, "पाणी वाहतंय? कशावरून?" आणि तुझे सीनिअर म्हणतायत, "मी पंप चालू केलाय ना, त्यावरून."

त्या उत्तरात किती भोकं आहेत बघ. बीएमएसने (इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाने) पंपाला 'चालू हो' म्हटलं, ही झाली आज्ञा. कॉन्टॅक्टरची (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचची) ऑक्झिलरी, म्हणजे खबर देणारा छोटा कॉन्टॅक्ट, जुळली, म्हणजे कॉन्टॅक्टर ओढला गेला, एवढंच. व्हीएफडीने 'रन' दाखवलं, म्हणजे ड्राइव्ह मोटरला वीज देतोय. मोटर फिरतेय पण कपलिंग तुटलंय, तरी हे तिघं खुशाल 'हो' म्हणतील. कपलिंग शाबूत आहे पण गाळणी चोंदलीय, तरीही 'हो'. काही ठिकाणी पंपाच्या सक्शन-डिस्चार्जमध्ये प्रेशर डिफरन्स स्विच बसवतात आणि वाटतं, आता झालं पक्कं. पण सेंट्रिफ्युगल पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केलास, तर पंपाचा दाब कमी होत नाही, वाढतो. पाण्याचा थेंब हलत नाही आणि तो स्विच सगळ्यात खुशीत असतो. चिलरच्या इव्हॅपोरेटरच्या नोझलपाशी बसलेला फ्लो स्विच हा एकटाच साक्षीदार आहे, ज्याने पाणी प्रत्यक्ष पाहिलंय. बाकीचे सगळे ऐकीव माहितीवर बोलतायत.

बडोद्यातलंच उदाहरण देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कितीतरी प्लँटरूममध्ये पाणी शिरलं. मोटरी सुकवून, काही रिवाइंड करून परत जोडल्या. एका ठिकाणी पंप चालू, अँपिअर जरा कमी, पण चिलर काही केल्या फ्लो घेईना. तिथल्या इलेक्ट्रिशियनने मला पाहताच सांगितलं, "साहेब, स्विच खराब छे, लूप मारी दउं?" स्विच चांगला होता. दोन फेज उलट जोडल्या गेल्या होत्या आणि पंप उलटा फिरत होता. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने जातं, फक्त खूपच कमी जातं. त्यामुळे गेजवर काटा हलतो, पाइपला हात लावला तर थरथर जाणवते, आणि माणूस फसतो. स्विच फसला नव्हता.

आता शब्द वेगळे करू, कारण प्लँटमध्ये तिन्हींना सरसकट 'इंटरलॉक' म्हणायची पद्धत आहे. कंट्रोल म्हणजे मशीन नीट चालावं म्हणून सतत चाललेली तडजोड. पाणी ७ अंशांना सोडायचं आहे, ७.६ झालं तर स्लाइड व्हॉल्व्ह (कंप्रेसरची क्षमता कमी-जास्त करणारा) लोड कर, ६.५ झालं तर अनलोड कर. इथे गडबड झाली तर पाणी कोमट होईल, प्रॉडक्शनवाल्यांचा फोन येईल, चार शब्द ऐकावे लागतील. इंटरलॉक म्हणजे क्रम आणि परवानगी, हे झाल्याशिवाय ते नाही. आणि सेफ्टी म्हणजे मशीन किंवा माणूस जाणार असेल तेव्हा बाकी कोण काय म्हणतंय ते न ऐकता थांबणं. तुझा गोंधळ होतोय तो फ्लो स्विच यातल्या दोन पदांवर एकदम काम करतो म्हणून. चिलर सुरू होण्यापूर्वी तो परवानगी देणारा आहे, सुरू झाल्यावर तोच थांबवणारा आहे.

इंटरलॉक हे चिलरवाल्यांनी काढलेलं खूळ नाही. माझे वडील रेल्वेत होते, प्रतापनगरला. लहानपणी त्यांच्याबरोबर सिग्नलच्या केबिनमध्ये गेलो की लोखंडी दांड्यांची रांग दिसायची. रुळांचा सांधा पूर्ण फिरून त्याला कुलूप बसल्याशिवाय सिग्नलचा दांडा कितीही जोर लावला तरी हलायचा नाही. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी अशा दांड्यांच्या जुळणीचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं होतं. त्यातली गोम ही, की सिग्नल केबिनवाल्याच्या इच्छेवर अवलंबून नाही, सांध्याच्या प्रत्यक्ष स्थितीवर आहे. केबिनवाला थकलेला असो, घाईत असो की मोठ्या साहेबाचा फोन आलेला असो, दांडा हलत नाही. तुझा फ्लो स्विच हा तोच दांडा आहे आणि लूप मारणं म्हणजे कुलूप काढून ठेवून सिग्नल हिरवा करणं.

आता तिसऱ्या रात्री 'लो सक्शन प्रेशर' का आलं, ते बघ. तुझ्या उत्तराचा गाभा इथेच आहे.

इव्हॅपोरेटर गोठू नये म्हणून साधारण तीन राखणदार असतात. पहिला फ्लो स्विच. दुसरा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तापमान कटआउट, बहुतेक ठिकाणी ४ अंशांच्या आसपास लावलेला. तिसरा सक्शन प्रेशरचा कटआउट. तुम्हाला वाटतं की एक काढला तर दोन शिल्लक आहेत. तसं नाही. तापमानाचा सेन्सर कुठे बसलाय? इव्हॅपोरेटरच्या बाहेर, आउटलेट पाइपमध्ये. पाणी वाहत असेल तरच आतली बातमी त्याच्यापर्यंत पोचते. पाणी थांबलं की तो पाइपमधल्या शिळ्या पाण्याचं तापमान सांगत बसतो. आत ट्यूबमध्ये बर्फ होत असताना पॅनेलवर ७.२ अंश दिसू शकतं. म्हणजे फ्लो स्विचला लूप मारलास त्या क्षणी दुसरा राखणदारही आंधळा झाला, फक्त तुला ते कळलं नाही. उरला शेवटचा, प्रेशरवाला. आर-१३४ए हा रेफ्रिजरंट, म्हणजे चिलरमध्ये उकळून थंडावा देणारा गॅस, शून्य अंशाला गेजवर साधारण १.९ बार दाखवतो. त्याखाली गेलास की रेफ्रिजरंट पाणी गोठण्याच्या तापमानाच्या खाली उकळतोय. तिसऱ्या रात्री तू तिथपर्यंत पोचला होतास. तो ट्रिप झाला म्हणून आज तू मला प्रश्न विचारतोयस, नाहीतर नव्या चिलरचं कोटेशन मागवलं असतंस.

किती वेळ मिळतो, त्याचा हिशेब कर. एक टन म्हणजे ताशी ३०२४ किलोकॅलरी. हा आकडा आला कुठून, तर २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळवायला लागणाऱ्या उष्णतेतून. बर्फाच्या लाद्या विकायच्या काळातलं हे माप आपण अजून वापरतो. १५० टन म्हणजे सुमारे ५२७ किलोवॉट. १२ अंशांना येणारं पाणी ७ अंशांना सोडायचं, तर टनाला ताशी ६०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे तुझ्या चिलरला ताशी ९० हजार लिटर. आता धर की इव्हॅपोरेटरच्या ट्यूबमध्ये १०० लिटर पाणी आहे आणि ते अचानक थांबलं. पूर्ण लोडवर ते ७ अंशांवरून शून्यावर यायला सहा सेकंदसुद्धा लागणार नाहीत. चिलर २५ टक्क्यांवर अनलोड झालेला असला तरी वीस-बावीस सेकंद. प्रत्यक्षात प्रेशर पडेल तशी क्षमताही पडते, त्यामुळे थोडा वेळ जास्त मिळेल, पण हिशेब सेकंदांचा आहे, मिनिटांचा नाही. म्हणून "फ्लो लॉसचा डिले पाचवरून तीस सेकंद करून टाकू" असं कुणी सुचवलं, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेव.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. तुझा चिलर फ्लडेड असेल तर पाणी ट्यूबच्या आत आहे, ट्यूब फाटते. जुन्या डीएक्स चिलरमध्ये उलट असतं, गॅस ट्यूबमध्ये आणि पाणी शेलमध्ये, तिथे ट्यूबा बाहेरून चेपल्या जातात. मी नवखा असताना वाघोडिया रस्त्यावरच्या एका कारखान्यात हे डोळ्यांनी पाहिलंय. आर-२२ वरचा रेसिप्रोकेटिंग चिलर होता. रात्री पंपाच्या कपलिंगचा रबर फाटला. मोटर मोकळी फिरत राहिली. स्टार्टरची ऑक्झिलरी म्हणाली, सगळं ठीक. फ्लो स्विचला सहा महिन्यांपूर्वी लूप मारलेला, कारण 'उगाच ट्रिप होतो'. आणि एलपी (लो प्रेशर) कटआउटचा स्क्रू कुणीतरी फिरवून खाली आणलेला, तोही 'उगाच ट्रिप होतो' म्हणूनच. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बर्फ वितळला होता आणि शेलमधलं पाणी ट्यूबवाटे गॅसच्या सर्किटमध्ये शिरून कंप्रेसरपर्यंत गेलं होतं. कंप्रेसरच्या साइट ग्लासमध्ये तेल नव्हतं, दुधाचा चहा होता. मी आजही साइट ग्लासकडे बघितलं की तो रंग आठवतो. कंप्रेसर बदलून, ट्यूबा घालून, अख्खं सर्किट कोरडं करून मशीन उभं राहायला दीड महिना गेला. गंमत म्हणजे लूप कुणी मारला, हे शेवटपर्यंत कुणाला आठवलं नाही.

तर मग तुझा चिलर पहाटेच का ट्रिप होतो? माझा अंदाज सांगतो. स्विच बिघडलेला नाही, तो खरं बोलतोय. बिघडलेला स्विच घड्याळ बघून बिघडत नाही. पहाटे काय होतं? बाहेर गारवा, प्रॉडक्शन कमी, खोल्या थंड, एएचयूंचे टू-वे व्हॉल्व्ह एकामागून एक मिटत जातात. लाइनचा डिफरन्शियल प्रेशर (सप्लाय-रिटर्नमधला दाबाचा फरक) वाढतो, व्हीएफडी पंपाचा वेग कमी करतो. हे सगळं कंट्रोल म्हणून अगदी बरोबर चाललंय, विजेची बचतच होतेय. पण चिलरला इव्हॅपोरेटरमधून किमान अमुक एवढं पाणी लागतंच. तो आकडा तुमच्या चिलरच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, दुसऱ्या मेकचा बघू नकोस. सगळे व्हॉल्व्ह मिटले तरी तेवढं पाणी फिरत राहावं म्हणून सप्लाय आणि रिटर्न हेडरमध्ये एक मिनिमम फ्लो बायपास व्हॉल्व्ह असतो. तुमच्याकडे तो उघडत नाहीये, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

(बायपास हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात. पाण्याचा बायपास चिलरला वाचवतो, तारेचा बायपास त्याला मारतो. मीटिंगमध्ये कुणी "बायपास करून टाका" म्हणालं तर कुठला, ते आधी विचार.)

तेव्हा पहाटे तिथे उभा राहा. चिलरच्या नोंदीत ट्रिपची वेळ मिनिटापर्यंत मिळेल. त्या मिनिटाला व्हीएफडी किती हर्ट्झवर होता, बायपासला किती टक्के कमांड होती आणि बायपासची दांडी प्रत्यक्षात किती फिरली होती, या तीन गोष्टी हव्यात. कमांड आणि दांडी यांत फरक निघाला, तर पुन्हा तोच प्रश्न: व्हॉल्व्ह उघडा, कशावरून? ॲक्च्युएटर फिरतो आणि आतला स्टेम जाम असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. आणखी एक बघ, बायपास कोणत्या सिग्नलवर उघडतो. लाइनच्या टोकाला बसलेल्या प्रेशर सेन्सरवर त्याला चालवलं असेल, तर त्याला चिलरमधल्या फ्लोचं काहीच कळत नाही. त्याला चिलरमधलाच फ्लो दाखवला पाहिजे, फ्लो मीटरने किंवा इव्हॅपोरेटरच्या दोन टोकांमधल्या प्रेशर ड्रॉपने. प्रेशर ड्रॉप हा फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. फ्लो ७० टक्क्यांवर आला की ड्रॉप जवळपास निम्मा होतो, ५० टक्क्यांवर आला की पाव. आणि एक सापळा लक्षात ठेव. ट्यूबमध्ये गाळ बसला, तर कमी पाण्यालाही ड्रॉप जास्त येतो आणि प्रेशरवाला स्विच फसतो. म्हणून ज्यांच्याकडे पॅडलऐवजी (पाण्यात लोंबणाऱ्या पात्याच्या स्विचऐवजी) डीपी, म्हणजे दाबाच्या फरकावर चालणारा स्विच आहे, त्यांनी ट्यूब साफ झाल्यावर सेटिंग पुन्हा तपासायचं.

आज रात्रीपुरतं काय करायचं? पंपाचा किमान हर्ट्झ वाढवून भागणार नाही. पुढचे सगळे दरवाजे बंद असतील तर पंप नुसता घुसळत राहील. पाण्याला वाट हवी. बायपास हाताने थोडा उघडता येत असेल तर उघड. नसेल, तर एक-दोन एएचयूंचे व्हॉल्व्ह मॅन्युअलवर उघडे ठेव. पण औषधाचा कारखाना आहे. ज्या खोलीत बॅच नाही असाच एएचयू निवड आणि आधी क्यूएला (गुणवत्ता विभागाला) सांग, नाहीतर सकाळी तापमान आणि आर्द्रतेचं डेव्हिएशन तुझ्या नावावर लागेल. आणि कायमचा बायपास व्हॉल्व्ह घेताना स्प्रिंग रिटर्नवाला घे, वीज गेली की आपोआप उघडणारा.

फ्लो स्विच कधी खोटं बोलतच नाही, असंही नाही. पॅडलवाला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना पाइपच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ पाइप हवा. एल्बोला (पाइपच्या वळणाला) चिकटून बसवलेला पॅडल पाण्याच्या भोवऱ्यात नाचतो आणि पॅनेलला वाटतं फ्लो येतोय-जातोय. पॅडल पाइपच्या मापाला कापलेला नसतो, त्याच्यावर क्षार चढतात, लाइनमध्ये हवा राहते. आणि दुसऱ्या बाजूने, पॅडल गंजून 'फ्लो आहे' याच स्थितीत अडकून बसतो, तो प्रकार जास्त वाईट. म्हणूनच पंपाची ऑक्झिलरी आणि फ्लो स्विच दोन्ही सिरीजमध्ये घेतात. तुझे सीनिअर म्हणतात त्यात तथ्य एवढंच, की पंपाचा फीडबॅकही हवा. एक साक्षीदार फितूर झाला तर दुसरा असावा. काही कंट्रोलर आणखी हुशार असतात, पंप बंद असताना फ्लो स्विच उघडलेला, म्हणजे 'पाणी नाही' सांगणारा, दिसला नाही तर चिलर सुरूच करत नाहीत. तुमच्यात ती सोय असेल तर चालू करून घे.

क्रमाबद्दल फार लिहीत नाही, तो तुला येत असेल. चिल्ड वॉटर पंप, त्याचा फ्लो, कंडेन्सर पंप, त्याचा फ्लो, कूलिंग टॉवरचा पंखा, मग कंप्रेसर. थांबवताना उलट, कंप्रेसर आधी आणि पंप काही मिनिटं चालू ठेवायचे, कारण आत थंड रेफ्रिजरंट शिल्लक असतो. लोक चुकतात ते ऑइल हीटरपाशी. वीज कंपनीचं मेंटेनन्स शटडाउन दिवसभर असलं, की तेलात रेफ्रिजरंट विरघळून बसतो. वीज आली की लगेच स्टार्ट दिला तर तेलाचा फेस होतो आणि ऑइल प्रेशर सापडत नाही. हीटरला मॅन्युअलमध्ये सांगितलेले तास द्यायचेच, बारा असोत की चोवीस. आणि शटडाउननंतर फेज सिक्वेन्स रिले ट्रिप दाखवत असेल, तर त्याच्यावर चिडू नकोस. पंप उलटा फिरला तर पाणी कमी येतं, स्क्रू कंप्रेसर उलटा फिरला तर रोटर आणि बेअरिंगची वाट लागते.

कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) बाजूला हाय प्रेशर, म्हणजे एचपी, कटआउट आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसला टेकतो, टॉवरच्या फिलमध्ये शेवाळ आणि बोअरच्या पाण्याचे क्षार असतात, आणि दुपारी तीनला चिलर एचपीवर जातो. या कटआउटला हाताने रीसेट करावं लागतं. कंपनीने ते कंजूषपणाने केलेलं नाही. कुणीतरी मशीनपाशी येऊन, बघून, मग बटण दाबावं म्हणून केलंय. न बघता तीन वेळा रीसेट मारणं आणि लूप मारणं यात मला फारसा फरक दिसत नाही.

आता तारांचं. सेफ्टीचं सर्किट असं असावं, की सगळं ठीक असताना करंट वाहत असतो. कुठेही तार तुटली, टर्मिनल ढिलं झालं, फ्यूज गेला, की करंट थांबतो आणि मशीन थांबतं. उलट जोडणी, म्हणजे 'बिघाड झाला की कॉन्टॅक्ट जुळेल आणि ट्रिप देईल', दिसायला तशीच असते, पण उंदराने तार कुरतडली की सेफ्टी गेलेली असते आणि कुणालाच कळत नाही. सेन्सरसाठी ४ ते २० मिलिअँप का घेतात, शून्यापासून का नाही, त्याचं कारणही हेच: शून्य आलं म्हणजे तार तुटली, हे वेगळं ओळखू यावं. आणि सेफ्टी बीएमएसच्या सॉफ्टवेअरमधून फिरवून आणू नकोस. बीएमएसने बघावं, नोंद ठेवावी, चालू-बंद सांगावं. थांबवण्याचा अधिकार मात्र सरळ तारेने चिलरच्या पॅनेलला.

एक छुपा आजार सांगतो, तो फारसा कुणी सांगत नाही. फ्लो स्विच चिलरपासून लांब असला आणि त्याची २३० व्होल्टची कंट्रोल केबल पॉवर केबलच्या शेजारून एकाच ट्रेमध्ये गेली असली, तर स्विच उघडल्यावरही तारेत चोरटा व्होल्टेज राहतो. मीटरवर ७०-८० व्होल्ट दिसतात आणि हलका रिले त्यावर ओढलेलाच राहतो. म्हणजे पाणी थांबलं, स्विचने खरं सांगितलं, पण निरोप पोचलाच नाही. केबल वेगळी टाकायची किंवा कंट्रोल २४ व्होल्ट डीसीवर आणायचा. पंपाचा फीडबॅक देताना कॉन्टॅक्ट पोटेन्शियल-फ्री (स्वतःचा व्होल्टेज नसलेला) आहे ना, हेही बघ. दुसऱ्या पॅनेलचा व्होल्टेज चिलरच्या इनपुटवर दिल्याने जळालेली कार्डं मी पोत्याने पाहिलीत.

काय बायपास केलं तर चालतं? चिलर चालू असताना, माणूस समोर नसताना: फ्लो, फ्रीझ, एचपी, एलपी, ऑइल प्रेशर, मोटरचा थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) यातलं काहीही नाही. बॅच अडकली असली तरी नाही. त्यासाठीच स्टँडबाय चिलर घेतलाय. टेस्टिंगसाठी काही मिनिटं लूप लावावा लागतो, मी स्वतः लावतो. पण माझी लूपची वायर लाल, हातभर लांब, तिच्यावर माझ्या नावाचा टॅग. पॅनेलचं दार बंदच होऊ नये इतकी लांब. लूप निघेपर्यंत मी तिथून हलत नाही, चहालाही नाही. तुमच्याकडे बायपासचं रजिस्टर नसेल तर एक वही घाल: कुठला, कुणी, का, किती वाजता लावला, किती वाजता काढला. पहिल्याच आठवड्यात पॅनेलमधून असे लूप निघतील की कुणाला ते आठवत नसतील. बीएमएसचा कम्युनिकेशन अलार्म, गाळणी साफ करायची आठवण, असल्या गोष्टी तात्पुरत्या दाबल्या तर आभाळ कोसळत नाही.

आणि तपासणी. महिन्यातून एकदा कंप्रेसर बंद ठेवून, पंप चालू ठेवून, चिलरचा आउटलेट व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जा आणि किती फ्लोला स्विच पडतो ते लिहून ठेव. मॅन्युअलमधल्या किमान फ्लोच्या खाली जाऊन पडत असेल तर सेटिंग चुकलंय. मग व्हॉल्व्ह आधी होता तिथेच परत आण, किती आटे फिरवलेस ते मोजून. एचपी आणि ऑइलची तपासणी मात्र सर्व्हिसवाल्याकडूनच करून घे, ती हौसेने करायची गोष्ट नाही.

तुझ्यासाठी पहिलं काम एकच. आज पहाटे अडीचला मिनिमम फ्लो बायपासपाशी जा. त्या मोटराइज्ड व्हॉल्व्हच्या आगेमागे हाताचे दोन आयसोलेशन व्हॉल्व्ह असतील. ते दोन्ही उघडे आहेत ना, हे चाक फिरवून बघ, रंगावरून किंवा ड्रॉइंगवरून ठरवू नकोस. कधीतरी लीकेजच्या कामाला कुणीतरी बंद केला असेल आणि परत उघडायचा राहिला असेल. तसं निघालं तर कळव, आणि नाही निघालं तर ट्रिपच्या वेळचा हर्ट्झ आणि बायपासच्या दांडीचा फोटो पाठव.